वाटाड्यावांचून

आमच्याकडे पूर्वीं लांबच्या प्रवासास निघणाऱ्या माणसाला घरांतील वडील मंडळी दोन प्रश्न आवर्जून विचारीत. बरोबर शिदोरी काय घेतली, हा त्यांतील पहिला. आणि सोबत कोणाची आहे, हा दुसरा. घाट उतरून कोंकणांत जाणारा भिक्षुक असो, कीं काशीयात्रेस निघालेला गृहस्थ असो, दुसऱ्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज वडिलांच्या जिवाला स्वस्थता वाटत नसे. अनोळखी रान लागलें म्हणजे त्या मुलखांतला वाटाड्या घ्यावयाचा, ही गोष्ट त्या काळीं कोणास शिकवावी लागत नसे. पुढें आगगाड्या आल्या, मोटारी आल्या, खिशांतल्या यंत्रावर नकाशे दिसूं लागले. आणि शिदोरीचा प्रश्न कायम राहून सोबतीचा मात्र मागें पडला. दर पावसाळ्यांत सह्याद्रीच्या कड्याकपारींत वाट चुकलेल्या तरुणांच्या वार्ता वर्तमानपत्रांत येतात, आणि त्यांस शोधण्याच्या कामीं पायथ्याच्या वाडीवरचीं माणसें पुष्कळदां पुढें असतात. अशी एखादी वार्ता वाचली म्हणजे आम्हांस ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांतील एक प्रकरण आठवल्यावांचून राहात नाहीं. तें तिकडे शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. आपल्याकडे तें फारसें परिचित नाहीं. परंतु त्यांतील बोध आपल्या उपयोगाचा असल्यामुळें तें येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

१८५१ सालीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत सोनें सांपडलें, आणि दहा वर्षांच्या आंत त्या प्रांताची राजधानी मेलबर्न ही एक संपन्न नगरी बनली. त्या खंडाचे किनारे युरोपीय लोकांच्या परिचयाचे झाले होते. परंतु अंतर्भाग त्यांच्या नकाशावर कोराच होता. तेव्हां तेथील रॉयल सोसायटी ऑफ व्हिक्टोरिया या विद्वत्सभेनें दक्षिणेकडून थेट उत्तरेच्या कार्पेंटारिया आखातापर्यंत खंड ओलांडण्यासाठीं एक मोहीम काढली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतानें खंड ओलांडणारास २,००० पौंडांचें बक्षीस लावलें होतें, आणि जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट नांवाचा कसलेला प्रवासी तिकडून त्याच कामीं लागला होता. म्हणजे ज्ञानाच्या इच्छेंत शर्यतीची ईर्ष्या आरंभापासूनच मिसळली होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मोहिमेचें नेतृत्व रॉबर्ट ओ’हारा बर्क याजकडे आलें. हा जन्मानें आयरिश. कांहीं काळ ऑस्ट्रियाच्या सैन्यांत राहिलेला आणि त्या वेळीं व्हिक्टोरियाच्या पोलिसांत अधिकारी असलेला. स्वभावानें तो शूर व मोकळा, परंतु शीघ्रकोपी होता. आणि मुख्य गोष्ट ही कीं, रानांत राहण्याचा, वाट काढण्याचा किंवा पाणी शोधण्याचा अनुभव त्याला नव्हता. त्याच्या हाताखालीं विल्यम जॉन विल्स हा २६ वर्षांचा तरुण होता. भूमापन, ग्रहांचे वेध आणि हवामानाच्या नोंदी यांत तो निष्णात असून वृत्तीनें शांत व कर्तव्यनिष्ठ होता. दोघांच्याहि धैर्याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. परंतु ज्या कामावर ते निघाले त्याला धैर्याखेरीज आणखीहि कांहीं लागत होतें.

२० ऑगस्ट १८६० रोजीं मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून ही मंडळी निघाली, तेव्हां हजारों लोक निरोप देण्यास जमले होते. १९ माणसें, २६ उंट, २३ घोडे आणि सुमारें २० टन सामान असा तो लवाजमा होता. सामानांत टेबल व खुर्च्या होत्या, आकाशांत सोडावयाचे बाण होते, निशाणें होतीं, एक मोठी चिनी घंटा होती. उंटांस ताजेतवानें ठेवण्यासाठीं म्हणून घेतलेली ६० गॅलन रमहि होती. इतका भार कीं, एक गाडी त्या उद्यानाच्या बाहेर पडण्यापूर्वींच मोडली! उंटांपैकीं बहुतेक हिंदुस्थानांतून नेलेले होते. जॉर्ज लँडेल्स नांवाच्या गृहस्थानें ते खरेदी करून कराची बंदरांतून जहाजानें मेलबर्नला आणले, आणि त्यांच्याबरोबर कांहीं उंटवालेहि नेले. त्यांत सामला नांवाचा एक हिंदु होता. मोहिमेच्या शिध्यांतील मांस त्याच्या धर्मास चालण्यासारखें नव्हतें. म्हणून थोड्याच दिवसांत रजा घेऊन तो परत फिरला. इतिहासकारांनीं त्याची एका ओळीच्या वर दखल घेतली नाहीं. परंतु आपणांस जें अन्न सोसणार नाहीं त्याच्या भरंवशावर पुढें न जाण्याचा विवेक त्या पथकांत पहिल्यानें या मनुष्यानें दाखविला, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

डार्लिंग नदीवरील मेनिंडी या ठाण्यापर्यंतचें सुमारें साडेचारशें मैलांचें अंतर कापावयास या मंडळींना जवळजवळ दोन महिने लागले. टपालाची गाडी तेंच अंतर आठवड्याहून थोड्या अधिक काळांत कापीत असे. वाटेंत बर्क व लँडेल्स यांचें भांडण झालें. लँडेल्स सोडून गेला आणि विल्स दुय्यम अधिकारी झाला. येथें बर्कचा धीर सुटला. जो माणूस सर्व कांहीं बरोबर नेऊं पाहात होता, तोच आतां सर्व कांहीं मागें टाकून धांवूं लागला. निम्में पथक आणि निम्म्याहून अधिक सामान मेनिंडीस ठेवून तो पुढें निघाला, आणि ११ नोव्हेंबर रोजीं कूपर क्रीकच्या कांठीं पोहोंचला. हा ओढा म्हणजे पूर नसेल तेव्हां लांबलांब डोहांची एक माळच. मागचें सामान राइट नांवाच्या माणसानें त्वरित आणावयाचें होतें. परंतु तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत मेनिंडीहून हललाच नाहीं.

मध्यंतरीं एक लहानशी गोष्ट घडली, ती फार बोलकी आहे. बर्कला कांहीं पत्रें पोहोंचविण्यासाठीं मेनिंडीहून दोन गोरे माणूस डिक नांवाच्या एका मूळ रहिवाशाला वाटाड्या म्हणून घेऊन निघाले. घोडे पाण्यावांचून मेले. माणसें मरणाच्या दारीं येऊन बसलीं. तेव्हां डिक एकटा पायीं परतला आणि त्यानें वार्ता दिल्यामुळें दोघांचे प्राण वांचले. तोंवर त्या प्रदेशांतील लोकांनींच त्यांना अन्न दिलें होतें. मोहिमेच्या पुढाऱ्यांनीं हा प्रसंग मनावर घेतला असता, तर पुढील कथा निराळी झाली असती.

परंतु बर्कला थांबावयाचें नव्हतें. १६ डिसेंबर १८६० रोजीं, म्हणजे तिकडील ऐन उन्हाळ्यांत, विल्स, किंग व ग्रे या तिघांस घेऊन तो उत्तरेस निघाला. बरोबर सहा उंट, एक घोडा आणि तीन महिन्यांची शिधासामग्री होती. कूपर क्रीकचें ठाणें ब्राहे नांवाच्या तरुणाच्या हवालीं करून तीन महिने वाट पाहावी, असें त्यानें सांगितलें. विल्सनें मात्र चार महिने थांबण्याची विनंती ब्राहेस केली. १८६१ च्या फेब्रुवारींत हे चौघे आखाताजवळ पोहोंचले. भरतीचें खारें पाणी त्यांनीं पाहिलें. परंतु चिखल व खारफुटीच्या रानामुळें उघडा समुद्र कांहीं त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. खंड ओलांडला गेला, आणि शिदोरी तेव्हांच अर्ध्याहून अधिक संपली होती. परतीच्या वाटेवर उंट व घोडा मारून खाण्याची पाळी आली. चोरून पीठ खाल्लें म्हणून ग्रेला बर्कच्या हातचा मार बसला. आपल्याला बरें वाटत नाहीं हें त्याचें म्हणणें कोणास खरें वाटलें नाहीं. १७ एप्रिल रोजीं तो मेला. उरलेल्या तिघांनीं त्याला पुरण्यांत एक दिवस घालविला.

२१ एप्रिलच्या संध्याकाळीं तिघे ठाण्यावर आले, तों तेथें कोणी नाहीं! चुलीची राख अद्याप निवाली नव्हती. एका कूलिबा जातीच्या झाडाच्या खोडावर खणण्याविषयीं सूचना कोरलेली होती. खणल्यावर पीठ, तांदूळ, साखर, वाळविलेलें मांस आणि एक चिठ्ठी हातीं आली. ब्राहे चार महिन्यांहून अधिक दिवस वाट पाहून त्याच सकाळीं निघून गेला होता. त्या रात्रीं तो अवघ्या १४ मैलांवर मुक्काम करून होता.

या नऊ तासांवर तिकडे कविता झाल्या, चित्रें झालीं. नियतीचा क्रूर खेळ म्हणून हा प्रसंग सांगण्याचा प्रघात पडला आहे, आणि ग्रेच्या प्रेतासाठीं खर्चिलेला तो एक दिवस हिशोबांत धरला म्हणजे वाचकाचें अंतःकरण हेलावल्यावांचून राहात नाहीं. तथापि, आमच्या मतें या करुण चित्रानें खऱ्या कारणांवर पडदा पडला आहे. त्या रात्रीं तिघे जिवंत होते, त्यांच्याजवळ महिनाभराचें अन्न होतें, आणि पाणी तर पायाशींच होतें. त्यानंतर बर्क व विल्स दोन महिन्यांहून अधिक काळ जगले. त्या दोन महिन्यांत जें घडलें त्याचा भार एकट्या दैवावर टाकतां येत नाहीं.

पहिली चूक खुणेची. चिठ्ठींत जनावरें धडधाकट असल्याचें लिहिलें होतें. तेव्हां ब्राहेस आपण गांठूं शकणार नाहीं, असें बर्कला वाटलें. म्हणून आल्या वाटेनें न जातां, ओढ्याच्या कांठानें नैर्ऋत्येस सुमारें दीडशें मैलांवर असलेल्या माउंट होपलेसकडे, म्हणजे ‘निराशेच्या डोंगरा’कडे, जाण्याचें त्यानें ठरविलें, कारण त्या बाजूस गोऱ्या लोकांची गुरांची वस्ती होती. आपण कोठें जात आहों, याची चिठ्ठी त्यानें त्याच खड्ड्यांत पुरली आणि माती पूर्ववत् सारखी केली. परंतु झाडावरील अक्षरांत कांहींच बदल केला नाहीं! इकडे ब्राहेला वाटेंत राइट भेटला, आणि मनाला चुटपुट लागून दोघे ८ मे रोजीं घोड्यांवरून परत ठाण्यावर आले. सर्व कांहीं जसेंच्या तसें पाहून पंधराएक मिनिटांत ते माघारीं फिरले. खड्डा त्यांनीं उघडून पाहिलाच नाहीं. ३० मे रोजीं विल्स पुन्हां त्या झाडापाशीं आला. त्यालाहि कोणी येऊन गेल्याची खूण दिसली नाहीं. दोन्ही पक्ष एकाच झाडाखालीं उभे राहिले आणि न बदललेल्या एकाच खुणेनें दोघांचीहि फसगत झाली. आपल्याकडे रानांतून पुढेंमागें चालणारी माणसें दुफाट्यावर डहाळी मोडून टाकतात. त्या डहाळीइतकी एखादी खूण त्या खोडावर झाली असती, तर कदाचित् तिघेहि घरीं आले असते.

दुसरी चूक याहून खोल आहे. उरलेल्या दोन उंटांपैकीं लांडा हा चिखलांत रुतून गेला, आणि राजा हा थकून निरुपयोगी झाल्यावर त्याला मारावें लागलें. पाणी वाहून नेण्यास जनावर उरलें नाहीं. त्यामुळें ओढा सोडून कोरड्या मुलखांत पाऊल टाकणें अशक्य झालें. तिघे त्या डोहांच्या माळेला जणूं बांधले गेले. त्यांच्या नकाशावर हा प्रदेश ओसाड होता. वस्तुतः तें यांद्रुवांधा लोकांचें घर होतें. त्या डोहांत मासे होते, शिंपले होते, कांठीं पक्षी होते, जमिनीवर बीं होतें. आणि या सर्वांचा ऋतुमानाप्रमाणें उपयोग कसा करावा, याचें ज्ञान असलेलीं कुटुंबें तेथें पिढ्यान्‌पिढ्या सुखानें नांदत होतीं. या लोकांनीं पाहुण्यांस मासे दिले, उंदीर भाजून दिले, नार्डू नांवाच्या वनस्पतीच्या भाकरी दिल्या. विल्सनें आपल्या रोजनिशींत त्यांच्या आतिथ्याची नोंद कृतज्ञतेनें केली आहे. परंतु बर्कच्या मनांतली तटबंदी शेवटपर्यंत ढळली नाहीं. सलगी वाढली तर हे लोक नेहमींच तळावर येऊन बसतील, अशा भीतीनें त्यानें त्यांचे मासे नाकारल्याचें किंगच्या निवेदनावरून दिसतें. एका माणसानें मेणकापडाचा तुकडा उचलला म्हणून त्यानें त्यांच्या डोक्यांवरून गोळी झाडली. त्यानंतर ते लोक कांहीं काळ दूर निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर मासेहि गेले.

आतां या तिघांनीं स्वतःच नार्डू गोळा करून खाण्यास आरंभ केला. ही पाणथळ जागीं होणारी, चार पानांची, नेच्याच्या जातीची एक लहान वनस्पति. तिच्या बीजकोशांचें पीठ करितात. पोटभर खाऊनहि अंगांतील शक्ति दिवसेंदिवस कमी होत आहे, पाय उचलत नाहींत, नाडी मंद होत आहे, अशा नोंदी विल्स शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणें करीत राहिला. भूक भागत होती आणि शरीर झडत होतें. हें कोडें त्याला शेवटपर्यंत उलगडलें नाहीं. अलीकडील संशोधकांनीं त्याचा उलगडा असा केला आहे कीं, कच्च्या नार्डूंत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारें एक द्रव्य असतें. त्याच्या अभावानें बेरीबेरी हा रोग जडतो. यांद्रुवांधा स्त्रिया नार्डू भाजून, दळून, भरपूर पाण्यांत कालवून वापरीत, आणि त्याच्या जोडीला मासे व शिंपले असत. गोऱ्या प्रवाशांनीं वनस्पति घेतली. कृति घेतली नाहीं.

महाराष्ट्रांतील वाचकांस हें समजावयास जड नाहीं. सुरण कच्चा खाल्ला तर घसा खाजतो, म्हणून आपल्या घरांत तो चिंच किंवा आमसूल घालून शिजवितात. कातकरी व ठाकर बायका रानांतील कडू करांदे राखेच्या पाण्यांत उकडून व पुन्हांपुन्हां धुवून मग मुलांच्या हातीं देतात. रानचें अन्न म्हणजे केवळ रानांत उगवलेली वस्तु नव्हे; ती वस्तु आणि तिला खाण्याजोगी करणारा हात, हीं दोन्ही मिळून तें अन्न होतें. हा हात पुस्तकांत सांपडत नाहीं. त्या हाताच्या शेजारीं बसून तो काय करतो, हें पाहावें लागतें. आणि त्यासाठीं आपल्याला येत नाहीं, असें आधीं कबूल करावें लागतें.

जूनच्या अखेरीस विल्सला उठवेना. त्याच्याच आग्रहावरून त्याच्याजवळ कांहीं दिवसांचें नार्डू ठेवून बर्क व किंग मूळ रहिवाशांच्या शोधार्थ निघाले. ज्यांना गोळीनें दूर सारलें, त्यांच्याकडेच अखेरीस आशेनें जावें लागलें. पण आतां वेळ उरला नव्हता. दोनच दिवस चालून बर्क वाटेंत मेला. किंग परत येऊन पाहतो, तों विल्सहि गेलेला.

मागें राहिला तो जॉन किंग. हा इंग्रजी फौजेंतून हिंदुस्थानांत नोकरी केलेला एक साधा शिपाई, उंटांबरोबर लँडेल्सनें कराचीहून आणलेला. त्याच्याजवळ प्रतिष्ठा नव्हती, तशी ती सांभाळण्याची चिंताहि नव्हती. तो यांद्रुवांधांच्या मागोमाग गेला, त्यांच्यांत जाऊन बसला. बंदुकीनें पक्षी मारून त्यांना देऊं लागला. एका बाईच्या हातावर व्रण झाला होता, तो त्यानें धुवून औषध लावलें. त्या बाईनें व तिच्या नवऱ्यानें त्याला आपल्यांत घेतलें, नार्डू दिलें, निवारा दिला. पुढें किंगनें त्यांना बर्कचें प्रेत दाखविलें, तेव्हां तीं सर्व माणसें रडलीं आणि त्यांनीं तें डहाळ्यांनीं झांकलें, असें किंगनेंच सांगून ठेविलें आहे. ज्यानें त्यांच्यावर बंदूक रोखली होती, त्याच्यासाठीं हे अश्रु होते! १५ सप्टेंबर १८६१ रोजीं आल्फ्रेड हॉविट याच्या शोधपथकाला किंग सांपडला. तो हाडांचा सांपळा झाला होता. पण जिवंत होता.

येथें दोन आक्षेप संभवतात. घटना घडून गेल्यावर न्यायासनावर बसणें सोपें आहे, हा पहिला. तो आम्हांस मान्य आहे. बर्कच्या जागीं आम्ही असतों तर याहून शहाणपणानें वागलों असतों, असा आमचा दावा नाहीं. परंतु त्याच ओढ्याकांठीं, त्याच दिवसांत किंग वांचला. म्हणजे तुलना आमची नसून त्या दोघांची आहे. दुसरा आक्षेप असा कीं, मूळ रहिवासी सर्वत्र स्नेहशीलच होते असें नव्हे. राइटच्या पथकाशीं त्यांच्या चकमकी झाल्या. हेंहि खरें. परंतु राइटचा तळ त्या लोकांच्या पाण्यावर बसला होता, आणि त्यांनीं निघून जाण्याविषयीं केलेल्या खुणांचा अर्थ कोणीं मनावर घेतला नाहीं. परक्याच्या पाणवठ्यावर न विचारतां बिऱ्हाड मांडलें तर आपल्या गांवांतहि तंटा होईल.

या मोहिमेंत एकंदर सात माणसें मेलीं. २१ जानेवारी १८६३ रोजीं बर्क व विल्स यांच्या अस्थींची मेलबर्नमध्यें सरकारी इतमामानें अंत्ययात्रा निघाली, आणि पुढें त्यांचा भव्य पुतळाहि उभा राहिला. यांद्रुवांधांस हॉविटनें १८६२ सालीं आभारादाखल पितळेचे कोरीव बिल्ले दिले. किंगची प्रकृति पुन्हां सुधारली नाहीं. १८७२ सालीं ऐन तारुण्यांत तो क्षयानें वारला. तें कूलिबाचें झाड कूपर क्रीकच्या कांठीं अद्याप उभें आहे.

पुतळे उभारणारांशीं आमचा वाद नाहीं. शौर्याला मान मिळावाच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दुर्गम मुलखांत माणसाला वांचविणाऱ्या गोष्टी पुतळ्यांत सहसा कोरल्या जात नाहींत. बेताचें ओझें, मागच्यासाठीं ठेवलेली स्पष्ट खूण, आजारी सोबत्याच्या बोलण्यावर विश्वास, आणि तेथील माणसाला विचारण्यांतला विनय, या त्या गोष्टी होत. आमच्या वाचकांच्या घरांतून उद्यां कोणी तरुण पाठीवर पिशवी टाकून डोंगराकडे निघाला, तर त्याला अडवूं नये. डोंगर पाहावेत, तें वयच आहे. फक्त परतावयाची वेळ त्याच्याकडून नक्की करून घ्यावी, बेत बदलला तर कोणाला कळवशील हें विचारावें, आणि शेवटच्या वाडीवर घटकाभर बसून पुढच्या वाटेची चौकशी करण्यास बजावावें. वाडीवरचा म्हातारा ‘आज वर जाऊं नका’ म्हणाला, तर तेथूनच परत येण्याची आमच्यातर्फे त्याला पूर्ण मोकळीक आहे.